सायबाच्या पोरीची खुशाली

मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली आणि या नऊ वर्षांत कंपनीला माझी एकदाही आठवण आली नव्हती. दिवाळीला डायरी नाही, नव्या वर्षाला कॅलेंडर नाही. त्यामुळे फेब्रुवारीत एक दिवस फोन आला आणि पलीकडून कोणी बाईनं "देवीलाल राठोड सर बोलतात का?" असं विचारलं, तेव्हा मी "पॉलिसी नको" म्हणून फोन ठेवूनच दिला.

तो लगेच पुन्हा वाजला.

"चाचा, फोन नका ठेवू. मी अस्मा. आर्णीच्या बशीर मिस्त्रीची पोरगी."

बशीर मिस्त्री म्हटल्यावर मी उठून बसलो. कंपनीच्या कामानं गावोगाव फिरायचो तेव्हा माझी राजदूत मोटारसायकल दर महिन्याला आर्णीजवळच बंद पडायची आणि बशीर ती दर महिन्याला शिव्या घालत चालू करून द्यायचा. अस्मा तेव्हा गॅरेजच्या ओट्यावर बसून गृहपाठ करायची. आता ती यवतमाळला नव्यानं उभ्या राहिलेल्या एका संग्रहालयात वस्तू सांभाळण्याचं काम करत होती. तिनं सांगितलं, कंपनी मारेगावचं गेस्ट हाऊस बंद करते आहे आणि तिथल्या भिंतींवरचं सगळं बंजारा भरतकाम संग्रहालयाला दान देते आहे. चौसष्ट वस्तू. समारंभ शुक्रवारी. त्यात माझा सत्कार.

"माझा कायले?"

"सगळं तुम्हीच तं जमवलं न चाचा. प्रत्येक कागदावर तुमचं नाव हाये."

खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या. बायकोला सांगितलं, जावयाला फोन केला, कपाटातून कोट काढून वाळत घातला.

मी सरकीचं तेल काढणाऱ्या कंपनीत लोकसंपर्क अधिकारी होतो. नाव मोठं, काम साहेबांना गाड्या पाठवायचं. सत्त्याण्णव साली आलेल्या मोठ्या साहेबांना मात्र कलेचा नाद होता. गेस्ट हाऊसच्या भिंतीवर विलायती देखावे कशाला, या जिल्ह्यातलं काहीतरी लावू, असं त्यांनी ठरवलं. मी फुलसावंगीकडच्या तांड्यातला, गोरमाटी, म्हणजे बंजाराच. साहेबांनी मलाच पिटाळलं. वर्षभर मी तांड्यातांड्यांतून फिरलो. फेटिया म्हणजे घागरे, कांचळ्या म्हणजे चोळ्या, कोथळ्या म्हणजे पिशव्या, शिवाय बैलांच्या झुली. बायकांना नवी लुगडी, स्टीलची भांडी, घोंगड्या द्यायच्या आणि पेटीतलं जुनं भरतकाम घेऊन यायचं. बहुतेक बाया खुशीनं द्यायच्या. पोरी आता हे घालत नाहीत, उंदीर कुरतडतात, ने बाप्पा, म्हणायच्या. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. त्रेसष्ट वस्तूंबद्दल वाटत नाही.

मंगळवारी मी संग्रहालयात गेलो. अस्मानं पांढरे हातमोजे घातले होते आणि लांब टेबलावर कापडं मांडली होती. कंपनीनं ती प्लायवूडवर डकवून काचेत बसवली होती. ती सोडवता सोडवता तिच्या नाकी नऊ आले होते. तिनं मला चहा पाजला, अब्बांच्या गुडघ्यांची हकिगत सांगितली आणि मग एका फायलीतून अकरा कागद काढून माझ्यापुढे रांगेत ठेवले.

"चाचा, हे पाहा. वस्तू देणाऱ्या बायांचे अंगठे. नावं अकरा हायेत, गावं अकरा. पण अंगठा एकच."

मी म्हटलं, अंगठे सगळे सारखेच दिसतात.

"नाई न. ही आडवी पांढरी रेघ पाहा. अकराही जागी हाये. कोणाच्या तरी अंगठ्यावर वण हाये."

लहानपणी ज्वारी सोंगताना माझ्या डाव्या अंगठ्याला विळा लागला होता. हाड दिसेस्तोवर. मी हात टेबलाखाली घेतला आणि अंगठा मुठीत धरला.

त्याचं झालं होतं असं. वस्तू जमवून झाल्यावर वरच्या ऑफिसातून पत्र आलं, की प्रत्येक वस्तूमागे देणाऱ्याच्या संमतीचा कागद हवा. मी पुन्हा गावोगाव हिंडून बहुतेकांचे अंगठे घेतले. दहा बाया ऊसतोडीला गेल्या होत्या. त्या कधी येणार आणि मी कुठं शोधणार? मारेगावच्या गेस्ट हाऊसमध्ये दुपारी जेवण झाल्यावर मी शाईचा पॅड घेतला आणि दहा कागदांवर स्वतःचा अंगठा लावून टाकला. त्या दहा बायांना लुगडी मिळाली होती, भांडी मिळाली होती, आत्मा तृप्त होता. अकरावा कागद निराळा होता. ती बाई ऊसतोडीला गेली नव्हती. ती घरीच होती. तिच्याकडे अंगठा मागायला जायची माझी हिंमत नव्हती.

"लालीबाई," मी अस्माला म्हणालो. "आमच्या तांड्याच्या नायकाची बायको. सगळ्याइच्या वतीनं तिनंच अंगठा देल्ला. तव्हा असंच चालायचं."

लालीबाई वारून पंधरा वर्षं झाली होती. मेलेली माणसं तक्रार करत नाहीत, म्हणून मला तिचं नाव सुचलं. अस्मानं ते वहीत लिहून घेतलं. लिहिताना तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, पण बापाच्या वयाच्या माणसाला काय बोलणार?

"ठीक हाये चाचा. शुक्रवारी बारा वाजता यादीवर सह्या होतीन. त्याच्याआधी कोणाची हरकत असन तं वस्तू काढून वापस देता येते. एकदा सह्या झाल्या की मंग आपल्या हातात काही राहत नाई."

मी "हो हो" म्हटलं. टेबलाच्या टोकाला ती अकरावी वस्तू होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही.

तो एक गणो होता. बाईच्या डोक्यावर घागरीखाली चुंबळ असते ना, त्या चुंबळीला जोडून मागे पाठीवर सोडलेली भरतकामाची रुंद पट्टी. लाल कापड, त्यावर बारीक टाक्यांची नक्षी, आरसे, कडेला कवड्या आणि खाली लोकरीचे गोंडे. हा माझ्या भोजाईचा, हंसाबाईचा. माझा चुलतभाऊ किसनसिंग, त्याची ती बायको. तिच्या आईनं, जमनीनं, चार वर्षं खपून तो भरला होता आणि लेकीला सासरी येताना दिला होता. आमच्या तांड्यात तसा दुसरा गणो नव्हता. म्हणून तो एकट्या हंसाबाईचा राहिलाच नाही. कोणाच्याही पोरीचं लग्न असलं, की आदल्या दिवशी नवरीनं तो गणो डोक्यावर घेऊन विहिरीवरून आंघोळीचं पाणी आणायचं. मागे बाया गात यायच्या. माझ्या दोन्ही बहिणींनी त्यावरच पाणी आणलं.

त्याची एक रीत होती. आमच्या तांड्यापुरती म्हणा. लग्नासाठी नेलेली वस्तू मालकिणीनं परत मागायची नाही. मागणं म्हणजे त्या नवरीच्या संसाराला नजर लावणं. नेणाऱ्यानं ती आपल्या पायानं आणून द्यायची आणि आणून दिली, की मालकीण त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालायची. विसरभोळा कोणी असला आणि महिना महिना वस्तू आणलीच नाही, तर मालकीण त्याला भेटल्यावर एवढंच विचारायची, "पोरगी सुखात हाये ना?" ज्या पोरीसाठी नेलं तिची खुशाली. समजणारा समजायचा आणि दुसऱ्या दिवशी वस्तू घेऊन हजर व्हायचा. तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही हे कळत होतं.

अठ्ठ्याण्णवच्या होळीनंतर साहेब म्हणाले, देवीलाल, संग्रह छान झाला, पण यात जीव ओवाळून टाकावा अशी एकही वस्तू नाही. मला तत्काळ तो गणो आठवला. आठवला तो आठवला, मी तसाच राजदूतवर बसून तांड्यात गेलो. भोजाईला लुगडं-भांड्यांवर गणो विकत मागायची सोय नव्हती. तिनं मला चुलीतल्या लाकडानं मारलं असतं. मी म्हणालो, "भोजाई, आमच्या सायबाच्या पोरीचं लगन हाये. तिले आपल्या गणोवर पाणी आणाचं हाये."

साहेबांना पोरगीच नव्हती. दोन मुलगे होते, दोघं अमेरिकेत.

भोजाई खुदकन हसली. आम्ही आपसात आमच्या गोर बोलीत बोलतो, इथे मी ते वऱ्हाडीत लिहितोय. ती म्हणाली, "सायबाच्या घरी विहीर हाये का रे देव्या?"

"नळ हाये."

"मंग नळावरून आण म्हणा. पोरगी कोणाची का असंना, तिचं भलं होवो." पेटी उघडून, जुन्या धोतरात गुंडाळलेला गणो तिनं माझ्या हातात दिला. वर हळदीचं बोट लावलं.

पंधरा दिवसांनी तो काचेत बसला आणि गेस्ट हाऊसच्या जेवणाच्या खोलीत टांगला गेला. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी मनाशी म्हणालो, साहेबांची बदली झाली की काढून आणू. साहेबांची बदली झाली. मग म्हणालो, निवृत्त होताना मागून घेऊ. निवृत्तही झालो. दरम्यान सणावाराला तांड्यात जायचो तेव्हा भोजाई दर वेळी पाण्याचा गडवा पुढं करायची आणि विचारायची, "सायबाची पोरगी सुखात हाये ना?"

"हाव भोजाई, सुखात हाये."

सुरुवातीला घशाखाली पाणी उतरायचं नाही. पुढं उतरायला लागलं. पुढं तर मला वाटायला लागलं, भोजाई बिचारी मायाळू, आपली चौकशी करते. मी ती रीत विसरलो नव्हतो. मी ती सोयीनं बाजूला ठेवली होती. माझ्या मुलीचं, जयाचं, लग्न यवतमाळला मंगल कार्यालयात झालं. तिथे विहीर नव्हती, पाणी आणायचं नव्हतं, म्हणून सुटलो. पण या सत्तावीस वर्षांत तांड्यातल्या नवऱ्या टॉवेलाची चुंबळ करून पाणी आणत राहिल्या आणि कोणी कारण विचारलं, की भोजाई सांगायची, "गणो लगनात गेलाय, येईन."

बुधवारी मला तांड्यात जावं लागलं. कंपनीच्या मुंबईच्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं, समारंभाला एकदोन वृद्ध कलाकार महिला पारंपरिक वेशात हव्यात. तांड्यात अजून फेटिया-कांचळी घालणारी एकच बाई उरली होती.

भोजाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ऐंशीच्या पुढची असेल. डोळे अधू, बोटं वाकडी झालेली, पण जीभ जशीच्या तशी.

"आव देव्या, बेस. पोट पाह्य किती वाढलं तुहं. कंपनीनं कापडं सोडून तुलेच भिंतीवर टांगाले पाह्यजे होतं."

मी हसलो. तिचा मुलगा हिरासिंग बैलांना पाणी दाखवून आला. त्याची मुलगी रंजिता, नर्सिंग शिकलेली, चहा घेऊन आली. तिचं लग्न पुढच्या गुरुवारी होतं, पत्रिका मला आली होती. भोजाईनं गडवा पुढं केला. मला माहीत होतं आता काय येणार.

"सायबाची पोरगी सुखात हाये ना?"

रंजितानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेतून मला कळलं, की हिलाही रीत ठाऊक आहे. आणि हेही कळलं, की या वेळी प्रश्न कोणासाठी आहे. गुरुवारच्या आदल्या दिवशी पाणी आणायचं होतं.

"सुखात हाये," मी म्हणालो. "भोजाई, शुक्रवारी यवतमाळले येजो. मोठा कार्यक्रम हाये. गाडी पाठवतो. तुहा गणो बी तिथंच हाये."

गणोबद्दल मी खोटं बोललो नाही. गणो तिथंच होता. पण शेंगा सोलणारे तिचे हात थांबले आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की मी तेव्हाच खुलासा करायला हवा होता. मी चहाचा घोट घेतला.

"पाह्य रंजिते," ती म्हणाली. "मी म्हणत नोती? देव्या आणीन. सायबं लोक मोठे, त्याईच्या घरचे लगनं लंबे चालतात. पण देव्या आपला हाये." मग तिनं रंजिताला पितळेची घागर माळ्यावरून काढून चिंचेनं घासायला सांगितलं. मी निघालो तेव्हा पोरगी अंगणात घागर घासत बसली होती.

परतीच्या एसटीत मी स्वतःला पटवत होतो. काचेत बघून भोजाई खूश होईल. हजारो लोक तिच्या आईचं काम पाहतील. पेटीत उंदरांनी खाल्लं असतं. आपण एक प्रकारे वाचवलंच ना? आर्णी येईपर्यंत मला हे बरंच पटलं होतं.

शुक्रवारी मी दहालाच कोट घालून हजर झालो. जावई आला होता, जया आली होती. प्रवेशद्वाराशी फलक होता आणि त्यावर माझं नाव होतं, राठोडमधला 'ठो' सोनेरी रंगात चमकत होता. गणो आता एकट्याच्या काचपेटीत, आतून दिवा लावून ठेवला होता. कबूल करतो, सुंदर दिसत होता. तेवढा सुंदर तो आमच्या विहिरीवर कधी दिसला नव्हता, कारण तिथं तो चालत्या पोरीच्या पाठीवर हलत असायचा आणि आम्ही पोरीकडे बघायचो.

पावणेबाराला अस्मा माझ्याजवळ आली. हातात यादी होती.

"चाचा, शेवटचं विचारते. त्या अकरा अंगठ्यायबद्दल काही सांगायचं हाये का? अजून पंधरा मिनिटं हायेत."

तिला कळलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं असणार. गॅरेजवाल्याची पोरगी, मी चहाचा कप उजव्या हातानं धरतो आणि डावा लपवतो एवढं तिला दिसलं नसेल? मला फक्त हात पुढं करायचा होता. दहा कागदांचं काय व्हायचं ते झालं असतं, अकरावी वस्तू बाहेर निघाली असती, बुधवारी रंजिताच्या पाठीवर असती. माझ्या मागे जया नवऱ्याला फलकाचा फोटो काढायला सांगत होती.

"काही नाई पोरी," मी म्हणालो.

बारा वाजता सह्या झाल्या. टाळ्या वाजल्या. माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. कंपनीच्या बाई इंग्रजीत बोलल्या, त्यात माझं नाव दोनदा आलं.

तांड्याहून गाडी साडेबाराला पोचली. हिरासिंग आणि रंजितानं दोन्हीकडून धरून भोजाईला आणलं. तिनं ठेवणीतला फेटिया घातला होता, हातात कोपरापर्यंत चुडे, डोक्यावरून ओढणी. फोटोवाले धावले. त्यांना ओलांडून ती थेट माझ्याकडे आली. चालता चालता ओढणीच्या टोकाची गाठ सोडत होती. माझ्यासमोर आली तेव्हा तिच्या तळव्यावर गुळाचा खडा होता. काळसर, कडक झालेला. तो किती वर्षं गाठीत होता, की दर होळीला नवा बांधत होती, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

"कुठी हाये?" ती म्हणाली.

मी बोट दाखवलं. रंजितानं तिला काचपेटीजवळ नेलं. भोजाईनं कपाळ काचेला टेकवून पाहिलं, मग दुसऱ्या हातानं काच चाचपली. कडेनं, खालून. दार कुठं आहे ते शोधत होती.

"खोल न हे."

कोणी खोललं नाही. तिनं काचेखालची पाटी पाहिली. "काय लिवलं पोरी?"

रंजितानं वाचलं, "गणो. सुती कापड, आरसे, कवड्या, लोकर. फुलसावंगी परिसर. कलाकार अज्ञात. संकलक देवीलाल राठोड."

"अज्ञात म्हंजे?"

"म्हंजे कोणं बनवलं ते मालूम नाई, आजी."

"मालूम कसं नाई?" भोजाई माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "माह्या याडीनं भरला. जमनीनं. देव्याले मालूम हाये. देव्या, सांग न याइले."

मी सांगितलं नाही. मी खांद्यावरची शाल सारखी केली. ती हॉलमधल्या बायकांकडे पाहू लागली, एकेकीच्या चेहऱ्याकडे. कंपनीच्या बाईंपाशी थांबली, पुढं गेली.

"ती कुठी हाये? सायबाची पोरगी? तिच्यासाठी नेलतं न तूनं. तिले भेटव मले. सत्तावीस वर्सं झाले, आता तं तिची पोरगी लगनाची झाली असन."

मग मी सांगितलं. एवढ्या वर्षांत तिला सांगितलेलं पहिलं खरं वाक्य. "भोजाई, सायबाले पोरगी नोती. लगन बी नोतं."

हिरासिंग खाली मान घालून उभा होता. रंजिताचे डोळे भरले होते. तिचा राग मला सरळ अंगावर आला आणि तो माझ्या वाट्याचाच होता. भोजाईनं मूठ मिटली. गुळाचा खडा तिनं ओढणीच्या टोकात ठेवला आणि गाठ मारायला लागली. वाकड्या बोटांनी ती गाठ बसेना. चौथ्यांदा बसली. मदत कोणालाच करू दिली नाही.

"चला," ती म्हणाली. "हिराच्या बैलाइचं चाऱ्याचं पाहाचं हाये."

त्यांची गाडी गेल्यावर मी शाल खुर्चीवर टाकली आणि अस्माच्या खोलीत गेलो. डावा हात तिच्या टेबलावर पालथा न ठेवता उताणा ठेवला. तिनं अंगठ्याकडे पाहिलं. मग शाईचा पॅड काढला, कोरा कागद काढला आणि मी सांगत गेलो तसं लिहीत गेली. साहेबांना न झालेली पोरगी, तिचं न झालेलं लग्न, ऊसतोडीच्या दहा बाया, लालीबाईवरचा आळ, सगळं. शेवटी ती म्हणाली, "सही करता न?" मी इंग्रजीत झोकदार सही करतो, साऱ्या कंपनीत माझ्या सहीची वाहवा होती. मी अंगठा लावला.

"पाटी मी आजच बदलते," ती म्हणाली. "जमनी लिहिते. गणो वापस देण्याचा अर्ज बी करते. पण चाचा, आता मंडळाची मीटिंग लागन, कंपनीले विचारा लागन, मुंबईचे वकील. साल लागन, दोन साल लागतीन. देतीनच असं बी नाई." शाईचा पॅड मिटत ती म्हणाली, "पावणेबाराले मी तुमाले विचारलं होतं."

"विचारलं होतंस, पोरी."

लग्नाला मी जाऊ नये असं बायको म्हणाली. मी गेलो. बुधवारीच गेलो, पाणी आणायच्या दिवशी. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या घेण्यासाठीच मी गेलो होतो. तांड्यात सगळ्यांना कळलं होतं. कोणी काही बोललं नाही. कोणी राम राम घातला, कोणी बाज टाकून दिली.

रंजिता विहिरीवरून आली. डोक्यावर हिरव्या टॉवेलाची चुंबळ, त्यावर चिंचेनं घासून लखलखणारी घागर. मागे बाया गात होत्या. तिची पाठ मोकळी होती. घागर हिंदकळली की पाणी त्या मोकळ्या पाठीवर सांडत होतं, आणि ती मान न वळवता माझ्यासमोरून गेली. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, पण कोणी पाहिलंही नाही.

जेवणं झाल्यावर भोजाई माझ्याकडे आली. हातात तोच गडवा. तिनं तो माझ्यापुढं ठेवला आणि समोर उकिडवी बसली. मी वाट पाहत होतो. या वेळी मी उत्तर तयार ठेवलं होतं. सांगणार होतो, भोजाई, मी अंगठा दिलाय, अर्ज केलाय, जिवंत आहे तोवर पायऱ्या झिजवीन, गणो आणीन. फक्त तिनं विचारायला हवं होतं. रीतीनं तिनं विचारल्यावरच मला ते सांगता येणार होतं.

"जेवला का पोटभर?" ती म्हणाली.

"हाव."

"जया बरी हाये?"

"बरी हाये."

"पाणी पे मंग. ऊन लय हाये."

मी पाणी प्यालो. तिनं रिकामा गडवा उचलला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे गेली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं सायबाच्या पोरीची खुशाली विचारली नाही.